यंत्र ‘हो’ म्हणतं तेव्हा

इंदापूर तालुक्यातल्या कळससारख्या गावात बसून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फायली सांभाळणारी व्यवस्था, हा विषय पुस्तकातून शिकावा लागत नाही, तो वीज शिकवते. गावठाणाचा फीडर वेगळा असतो, तिथे दिवे सहसा टिकून राहतात. पण घर वस्तीवर, उसाच्या मधोमध असेल तर सगळा संसार शेतीपंपांच्या वेळापत्रकाला बांधलेला. थ्री फेज आली की शिवारातल्या मोटारी एकदम सुरू होतात, व्होल्टेज बसतं, आणि इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी झालेली असेल तर डेस्कटॉप तिथल्या तिथे विझतो. हिंजवडीला हेच काम करणाऱ्या मित्रांना हे माहीत नाही, म्हणून त्यांचा ‘सेव्ह’ या बटणावर विश्वास आहे. माझा फारसा नाही.

त्याला कारणही आहे. आपण फाइल सेव्ह करतो तेव्हा प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतो, एवढा मजकूर लिही. ऑपरेटिंग सिस्टिम तो मजकूर मेमरीत ठेवून घेते आणि लगेच ‘झालं’ असं कळवते. डिस्कवर अजून काहीच गेलेलं नसतं. डिस्क मेमरीपेक्षा कितीतरी पटीने हळू. प्रत्येक अक्षरासाठी तिच्याकडे धावायचं म्हटलं तर यंत्र गुडघ्यावर येईल. म्हणून लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असा मजकूर साठवून ठेवते आणि सवडीने खाली उतरवते. नेहमीच्या सेटिंगमध्ये हा उशीर ३० सेकंदांच्या आसपास जाऊ शकतो. या अर्ध्या मिनिटात वीज गेली तर स्क्रीनवर ‘सेव्ह्ड’ असं वाचलेलं असूनही फाइल जुनीच राहते, किंवा त्याहून वाईट म्हणजे नाव राहतं आणि आत शून्य बाइट.

यावर जर्नल हा उपाय आहे, असं पुष्कळांनी ऐकलेलं असतं. १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलेली एनटीएफएस असो की लिनक्सची आजची ईएक्सटी४, दोन्ही फाइलसिस्टिम बदल करण्याआधी तो एका नोंदवहीत टिपून ठेवतात. वीज परत आली की ती वही वाचून अर्धवट राहिलेलं काम पुरं करायचं किंवा सोडून द्यायचं. पण त्यातली मेख अशी, की नेहमीच्या सेटिंगला ही वही तुमचा मजकूर वाचवत नाही. ती फाइलसिस्टिमचा स्वतःचा हिशेब वाचवते: कुठली फाइल कुठे आहे, कुठली जागा मोकळी आहे. डिस्क सुरू होते, पण कविता गेली ती गेलीच. २००९ साली ईएक्सटी४ नवी असताना नेमकी हीच ओरड झाली होती. संगणक अचानक बंद पडून सुरू केला की डेस्कटॉपच्या सेटिंगच्या फायली रिकाम्या सापडायच्या. फाइलसिस्टिम लिहिणाऱ्या थिओडोर त्सो यांचं म्हणणं होतं, की अॅप लिहिणाऱ्यांनी नियम पाळलेले नाहीत. नियमाच्या बाजूने पाहिलं तर ते बरोबर होते. तरी त्यांनी फाइलसिस्टिममध्ये सोय करून दिली, कारण चुकीची अॅप्स हजारो आणि फाइलसिस्टिम एक.

नियम साधा आहे. मजकूर आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायचा, मग ‘एफसिंक’ नावाची हाक मारायची. तिचा अर्थ, डिस्कवर खरोखर उतरल्याशिवाय मला ‘हो’ म्हणू नकोस. मग त्या फाइलला जुन्या फाइलचं नाव द्यायचं. नाव बदलणं हे एक तर पूर्ण होतं नाही तर होतच नाही, मधली अवस्था नाही. तुमच्या मोबाइलमधली बरीचशी अॅप्स ज्या एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये माहिती ठेवतात, त्याच्या कर्त्यांनी तर लिहिता लिहिता वीज गेल्याचं सोंग आणून पुन्हा पुन्हा चाचण्या घेतल्या आहेत. आणि एवढं करूनही काही स्वस्त डिस्क स्वतःच्या छोट्या मेमरीत मजकूर ठेवून ‘उतरवला’ असं खोटं सांगतात. खोटं बोलण्याची साखळी अशी खालपर्यंत जाते.

फाइलपासून सुरुवात केली ती एवढ्यासाठी, की पुढे सिक्युरिटी म्हणून जे काही येतं त्यातही हेच असतं. यंत्र ‘हो’ म्हणतं, हिरवी खूण दाखवतं, ‘व्हेरिफाइड’ लिहितं. ते ‘हो’ कुणी म्हटलं आणि नेमकं कशाला म्हटलं, हे विचारणं म्हणजे माझ्या कामाचा निम्मा भाग. कधी उलट होतं, यंत्र आपल्याला विचारतं आणि ‘हो’ आपण म्हणतो. तिथे तर जास्तच जपायला हवं.

सर्व्हरवर पहिल्यांदा लॉगिन करताना डेव्हलपर जो प्रश्न वाचतो तो घ्या. हे काम एसएसएच नावाच्या साधनाने होतं. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरून ऐकले, तेव्हा ताटू यलोनेन यांनी ते लिहिलं. त्याआधी पासवर्ड तारेवरून उघडाच जायचा. एसएसएच पहिल्या भेटीत सर्व्हरच्या किल्लीचा ठसा, म्हणजे अक्षरं-आकड्यांची एक लांब माळ, समोर ठेवतं आणि विचारतं: हाच तो सर्व्हर याची खात्री आहे का? पुढे जाऊ? जगातले बहुतेक डेव्हलपर त्या माळेकडे न बघता ‘यस’ टाइप करतात. एसएसएच तो ठसा लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी वेगळा दिसला तर मोठ्या अक्षरांत ओरडतं. म्हणजे सगळी भिस्त पहिल्या, न वाचता दिलेल्या होकारावर. २४ मार्च २०२३ रोजी, जगभरचे डेव्हलपर जिथे आपला कोड ठेवतात त्या गिटहबने आपली एक किल्ली बदलली, कारण ती चुकून काही काळ उघड्यावर आली होती. त्या दिवशी जगभर कितीतरी टर्मिनलांवर ती धोक्याची सूचना झळकली. गिटहबने नवा ठसा जाहीर केला होता. जबाबदार डेव्हलपरने तो ताडून बघायचा होता. बाकीच्यांनी जुनी नोंद पुसणारी कमांड कुठून तरी उचलून चिकटवली आणि पुन्हा ‘यस’ म्हटलं. सूचना फार वेळा खोटी ठरली की माणसं ती वाचत नाहीत. यात दोष माणसांचा कमी आणि सूचना लिहिणाऱ्यांचा जास्त, असं माझं मत आहे.

गिटहबचं नाव निघालंच आहे तर गिट. लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स याने २००५ साली कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं हे साधन लिहिलं, कारण लिनक्सच्या कोडसाठी वापरात असलेली बिटकीपर ही प्रणाली फुकट मिळणं बंद झालं. गिट काय करतं हे शेतकऱ्याच्या घरात समजावणं मला शहरापेक्षा सोपं गेलं. सातबाऱ्यावर जुनं नाव खोडून काढत नाहीत, त्याला कंस करतात आणि नव्या नावाशेजारी फेरफाराचा नंबर घालतात; पिढ्यांमागे जायचं तर फेरफार काढत काढत मागे जाता येतं. गिटमध्ये प्रत्येक बदलाला असा नंबर असतो. मात्र तो तलाठ्याने क्रमाने दिलेला नसतो, तर बदलाचा मजकूर, तारीख, करणाऱ्याचं नाव आणि आधीच्या बदलाचा नंबर हे सगळं एकत्र दळून काढलेला असतो. याला हॅश म्हणतात. मागचं एक अक्षर कुणी फिरवलं तर त्याचा नंबर बदलतो, त्यावर बेतलेला पुढचा बदलतो, आणि असं करत शेवटपर्यंतचे सगळे बदलतात. गुपचूप खाडाखोड करायला जागाच उरत नाही.

पण करणाऱ्याचं नाव? ते गिटला आपणच सांगतो. एका ओळीच्या कमांडने मी स्वतःला लिनस टोरवाल्ड्स म्हणवून घेऊ शकतो आणि गिट बिनतक्रार ते नाव लिहील. बदल झाला हे गिट खात्रीने सांगतं. कुणी केला हे मात्र तुम्ही सांगितलं तेच सांगतं. नव्या पोरांना हे दाखवलं की त्यांचे डोळे मोठे होतात.

‘कुणी केलं’ याचं उत्तर डिजिटल सहीकडे आहे, आणि तिचं गावातलं सगळ्यात ओळखीचं उदाहरण पुन्हा सातबाराच. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. ऑनलाइन १५ रुपये भरायचे आणि पीडीएफ उतरवून घ्यायची. यातली सही म्हणजे अंगठ्याचं किंवा अक्षराचं चित्र नव्हे. कागदाच्या सगळ्या मजकुराचा आधी हॅश काढतात आणि अधिकाऱ्याकडे असलेल्या गुप्त किल्लीने त्यावर गणिती शिक्का मारतात. त्या किल्लीची जोडीदार, उघडी किल्ली सगळ्यांना माहीत असते. तिने तपासलं की दोन गोष्टी कळतात: शिक्का त्याच गुप्त किल्लीचा आहे, आणि शिक्का मारल्यानंतर मजकुरात स्वल्पविरामाचाही बदल झालेला नाही. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अशा सहीला आपल्याकडे मान्यता दिली.

आता गंमत बघा. ही पीडीएफ संगणकावर उघडली की पुष्कळदा सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं, ‘सही पडताळलेली नाही’. आधारची पीडीएफ उघडली तरी तेच. लोकांना वाटतं कागद खोटा आहे. खरी गोष्ट वेगळीच आहे. कुणाच्या किल्ल्या खऱ्या मानायच्या, याची एक यादी पीडीएफ वाचणाऱ्या प्रोग्रामकडे असते, आणि भारत सरकारच्या प्रमाणन प्राधिकरणाचं मूळ प्रमाणपत्र त्या यादीत बऱ्याच वेळा आपलं आपण नसतं. ते एकदा जोडून दिलं की प्रश्नचिन्हाची हिरवी खूण होते. सातबारा तोच, सही तीच. बदलली ती तुमच्या संगणकाने विश्वासाला घेतलेल्यांची यादी. उलट बाजूने पाहिलं तर त्या पीडीएफची प्रिंट काढल्याबरोबर ती सही मरते. कागदावर उरतं ते सहीचं चित्र. म्हणून प्रिंटवर १६ आकडी पडताळणी क्रमांक असतो, तो संकेतस्थळावर टाकून मूळ नोंद बघता येते. तो आकडा टाकून बघण्यापेक्षा गोल शिक्क्यावर बोट ठेवणारे टेबलामागे अजून आहेत. सवय जायला वेळ लागेल.

लिनक्सवर एखादं सॉफ्टवेअर बसवताना पडद्याआड हीच युक्ती चाललेली असते. डेबियनसारखी संस्था आपल्या हजारो पॅकेजांच्या हॅशची यादी करते आणि त्या यादीवर सही करते. आपला संगणक सही तपासतो, मग यादी, मग पॅकेज. मधल्या कुठल्याही सर्व्हरने भेसळ केली तर हॅश जुळत नाही आणि पॅकेज बसत नाही. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसायचं ते कुलूपही याच कुळातलं. कुलूप एवढंच सांगायचं, की या नावाच्या संकेतस्थळाशी तुमचं बोलणं मधल्या मध्ये कुणी ऐकत नाही. त्या नावामागे बँक बसली आहे की चोर, याबद्दल ते काहीच बोलत नव्हतं. बँकेच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे करून घेतलेल्या नावालाही कुलूप मिळायचं, फुकट मिळायचं. लोक कुलपाचा भलताच अर्थ लावतात हे ओळखून गूगलने सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोममधून ते चित्रच काढून टाकलं. मला तो निर्णय फार आवडला.

सही खरी, हॅश खरा, सगळं खरं आणि तरीही घात, हे २०२४ च्या मार्चमध्ये दिसलं. अँड्रेस फ्रॉइंड हा मायक्रोसॉफ्टमधला अभियंता, पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा. काही मोजमापं घेताना त्याच्या लक्षात आलं, की त्याच्या डेबियन यंत्रावर एसएसएचच्या लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि प्रोसेसर विनाकारण राबतोय. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, नेट हळू असेल. त्याने मूळ शोधलं. ते निघालं ‘एक्सझेड’ नावाच्या, फायली दाबून लहान करणाऱ्या एका गरीब लायब्ररीत, म्हणजे इतर प्रोग्रामांना वापरता येणाऱ्या तयार कोडमध्ये. एसएसएचचा तिच्याशी थेट काही संबंध नाही. काही लिनक्स वितरणांनी एसएसएच हे यंत्रातल्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीला जोडलं, सिस्टिमडीची लायब्ररी एक्सझेडला जोडलेली. त्या आडवाटेने ती आत पोचली होती. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता. ज्याच्याकडे विशिष्ट किल्ली, त्याला अशा सर्व्हरवर हवी ती कमांड चालवता आली असती.

हा दरवाजा बसवणारा ‘जिया टॅन’ या नावाने २०२१ पासून त्या प्रकल्पात राबत होता. चांगलं काम करत होता. मूळ सांभाळणारा लासे कोलिन एकटा, बिनपगारी आणि थकलेला. २०२२ साली काही अनोळखी नावांनी त्याच्यामागे टुमणं लावलं, की काम फार हळू चाललंय, दुसऱ्याच्या हाती द्या. त्यातलं एक नाव ‘जिगर कुमार’ होतं. हा माणूस त्यापूर्वी कुणाला दिसला नव्हता, नंतरही दिसला नाही. हळूहळू जिया टॅनकडे आवृत्त्या काढण्याचा अधिकार आला. भेसळीचा कळीचा भाग त्याने गिटमधल्या कोडमध्ये ठेवलाच नाही. चाचणीच्या नावाखाली दोन दुर्बोध फायली ठेवल्या, आणि त्या उघडून कामाला लावणारी ओळ फक्त बांधून दिलेल्या गाठोड्यात घातली. त्या गाठोड्यावर त्याची रीतसर डिजिटल सही होती. ती तपासली तर यंत्र बरोबर उत्तर देणार: हो, हे जिया टॅननेच केलंय. सही माणूस कोण ते सांगते, त्याच्या मनात काय आहे ते सांगत नाही.

२९ मार्चला फ्रॉइंडने हे जाहीर केलं तेव्हा त्या आवृत्त्या डेबियन आणि फेडोरा या लिनक्स वितरणांच्या चाचणीच्या शाखांपर्यंत पोचल्या होत्या, बँकांच्या आणि सरकारांच्या सर्व्हरवर जाणं बाकी होतं. मी जेव्हा एका ओळीत एखादी लायब्ररी मागवतो, तेव्हा तिच्या मागोमाग तिच्या गरजेच्या शंभर-दोनशे लायब्ऱ्या येतात, आणि त्यातल्या कितीतरी अशाच एकट्या थकलेल्या माणसाच्या खांद्यावर असतात. त्याच्या खांद्यावरून कोण हात फिरवतंय हे मला दिसत नाही. याला तोड म्हणून आवृत्त्या गोठवून ठेवणं, नव्या आवृत्तीला काही दिवस मुरू देणं, गरज नसलेली लायब्ररी न घेणं, असं जमेल तेवढं आम्ही करतो. शेवटचा उपाय सगळ्यात चांगला आणि सगळ्यात कमी पाळला जाणारा.

अँटिव्हायरस मग काय करतो, असा प्रश्न कळसमध्ये हमखास येतो. पुण्यात याचं घरचं उदाहरण आहे. साताऱ्याजवळच्या रहिमतपूरचे कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणक दुरुस्तीत आले. दुकानात येणारे संगणक व्हायरसने बिघडलेले असत, म्हणून धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर औषध लिहिलं, आणि नव्वदच्या दशकात त्यातून क्विक हील उभी राहिली. त्या काळी काम सरळ होतं: सापडलेल्या व्हायरसच्या बाइटांची खूण नोंदवायची आणि फायलींत ती शोधायची. खूण सापडली नाही तर यंत्र म्हणणार, सुरक्षित. म्हणजे एवढंच, की ओळखीचा चोर दिसला नाही. आता वागणुकीवरूनही अंदाज बांधतात, पण त्यासाठी अँटिव्हायरसला ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये जागा द्यावी लागते, जिथे चुकीला माफी नसते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलीने जगभरची सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पाडली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. राखणदारच उंबऱ्यात आडवा पडला होता.

आणि फुकटातलं विंडोज बसवताना ‘आधी अँटिव्हायरस बंद करा, मग हा अॅक्टिव्हेटर चालवा’ अशी सूचना असते, ती लोक किती निमूट पाळतात याबद्दल स्वतंत्र लेख होईल. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची साथ संपली, पण तालुक्याच्या गावी अजून किती टेबलांवर ते चालू दिसतं!

आता पुण्यातलीच एक घटना, जिच्यात खोट्या ‘हो’ची किंमत रुपयांत मोजता येते. कॉसमॉस बँक १९०६ सालची, सहकारी बँकांतली मोठी. आपण एटीएममध्ये कार्ड घातलं की एटीएम स्वतः काही ठरवत नाही. व्हिसा किंवा रुपे नेटवर्कमधून प्रश्न बँकेच्या ‘स्विच’ नावाच्या सर्व्हरकडे जातो. स्विच मुख्य खातेप्रणालीला विचारतो, या खात्यात एवढे पैसे आहेत का? उत्तर त्याच वाटेने परत येतं. चोरांनी बँकेच्या नेटवर्कमध्ये शिरून आपला नकली स्विच उभा केला. प्रश्न खातेप्रणालीपर्यंत गेलेच नाहीत. नकली स्विच प्रत्येकाला ‘हो’ म्हणत राहिला. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, २८ देशांतल्या एटीएममधून नकली कार्डांनी सुमारे ७८ कोटी रुपये निघाले, भारतातून आणखी अडीच कोटी. १३ तारखेला, बँका परदेशी पैसे पाठवायला वापरतात त्या स्विफ्टच्या मार्गाने हाँगकाँगच्या एका बँकेत १३ कोटी ९२ लाख गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. ग्राहकांच्या खात्यांतून एक रुपयाही कमी झाला नाही, कारण खात्यांना कुणी विचारलंच नव्हतं. तो पैसा बँकेचा गेला. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला.

एटीएममध्ये दोष नव्हता. व्हिसाच्या नेटवर्कनेही नेमून दिलेलं काम केलं. सगळ्यांनी एकाच जागेच्या उत्तरावर भार टाकला, आणि ती जागा चोराच्या हाती गेली. दुसऱ्या स्वतंत्र वाटेने ताळा घेणं म्हणतात ते इथे हवं होतं. ते बारामतीतल्या चहाच्या गाड्यावर रोज होतं. गिऱ्हाईक आपल्या मोबाइलवर हिरवी बरोबरची खूण दाखवतं. तशी खूण दाखवणारी खोटी अॅप्सही निघाली आहेत. चहावाला तिकडे बघत नाही. त्याच्या टपरीवरचा साउंडबॉक्स स्वतःच्या सिमकार्डावरून, पैसे घेणाऱ्याच्या बाजूने बोलतो, तेव्हाच तो सुटे मोजणं थांबवतो. देणाऱ्याच्या यंत्राचं ‘हो’ वेगळं आणि घेणाऱ्याच्या यंत्राचं वेगळं, हा धडा त्याला कुठल्या कोर्समध्ये मिळाला नाही.

गावात माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्यांचा प्रश्न आता बहुतेक एकाच प्रकारचा असतो.

“आरं, ह्ये आरटीओचं चलान आलंय बघ व्हॉट्सअॅपला. गाडी तर समदा म्हैना शेडातच हाय की!”

“आप्पा, ते उघडलं नाही ना तुम्ही?”

“म्या न्हाय. पर पोरानं दाबलं वाटतं.”

आलेलं असतं ते चलान नसतं, एपीके असते. अँड्रॉइडचं अॅप बसवायची फाइल. कधी ती आरटीओच्या नावाने येते, कधी पीएम किसानच्या, कधी लग्नपत्रिका होऊन. पाठवणारा नंबर बहुधा ओळखीच्याच माणसाचा असतो, कारण त्याचा फोन आधीच बाधलेला. अँड्रॉइडची मूळ रचना खरं तर चांगली आहे. तिच्या पोटात लिनक्सच आहे, आणि लिनक्समध्ये एकाच यंत्रावर अनेक माणसं काम करतील म्हणून प्रत्येकाला वेगळा क्रमांक आणि वेगळी खोली दिलेली असते. अँड्रॉइडने तो क्रमांक माणसाऐवजी अॅपला दिला. म्हणजे तुमच्या फोनवर प्रत्येक अॅप हा एक स्वतंत्र ‘वापरकर्ता’ आहे. एकाला दुसऱ्याच्या फायली दिसत नाहीत. बँकेच्या अॅपचं घर चलानाच्या अॅपला फोडता येत नाही.

म्हणून ते घर फोडतच नाही, तुमच्याकडे परवानग्या मागतं. एसएमएस वाचण्याची परवानगी मिळाली की ओटीपी तुमच्याआधी त्याला कळतो. ‘अॅक्सेसिबिलिटी’ची मिळाली तर संपलंच. दृष्टी अधू असलेल्यांना स्क्रीन वाचून दाखवता यावी म्हणून केलेली ही सोय, तिच्या जोरावर अॅप तुमची स्क्रीन वाचतं आणि तुमच्या वतीने बटणं दाबतं. पुढच्या परवानग्यांना ‘अलाउ’ तेच म्हणतं. अॅपला सही असते का? असते. सहीशिवाय अँड्रॉइड अॅप बसवतच नाही. पण ती किल्ली ज्याची त्याने घरी तयार केलेली चालते. तिचा उपयोग एवढाच, की उद्याचं अपडेट आजच्याच माणसाकडून आलंय हे कळावं. चोराचं अपडेट चोराकडूनच आलं, याची अँड्रॉइड पक्की खात्री देतं. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून बाहेरून बसवलेल्या अॅपला अॅक्सेसिबिलिटी सहजी देता येत नाही, एक जास्तीची पायरी चढावी लागते. मग ती पायरी कशी चढायची हे चोर फोन करून, गोड आवाजात सांगतात.

पोराने दाबलं असेल तर आधी फोन विमान मोडवर टाकायचा आणि वायफाय बंद आहे ना ते बघायचं. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं आणि यूपीआय थांबवायचं. पैसे गेलेच असतील तर १९३० या हेल्पलाइनला तिथल्या तिथे फोन. संध्याकाळी निवांत करू म्हटलं तर पैसा तोवर चार-पाच खाती फिरून बाहेर पडतो. अॅप काढायला गेलं की पुष्कळदा निघत नाही, कारण त्याने डिव्हाइस अॅडमिनचा अधिकार घेतलेला असतो, आणि तो काढायला सेटिंग उघडलं की अॅक्सेसिबिलिटीच्या जोरावर तेच ते सेटिंग बंद करतं. अशा वेळी फोन सेफ मोडमध्ये सुरू करावा. तिथे बाहेरून बसवलेली अॅप्स चालत नाहीत, म्हणून आधी अॅक्सेसिबिलिटी, मग अॅडमिन, मग अॅप, या क्रमाने काढता येतं. तरीही निघालं नाही तर फोटो बाजूला काढून फोन फॅक्टरी रिसेट. बँकेचा पिन आणि मेलचा पासवर्ड बदलायचा तो यानंतर, स्वच्छ झालेल्या फोनवरून. आधी बदलला तर नवा पिनही त्याच्याच डोळ्यांसमोर टाइप होतो.